वॉल दाबल्याने मोटर जळत नाही

हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की वऱ्हाडातल्या शेतकरी ग्रुपवर पंपाच्या वॉलबद्दल (पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह) एक मेसेज फिरतो: "वॉल अर्धा ठेवला तर पाणी तुंबून मोटरवर लोड येतो. विहिरीचं पाणी खोल गेलं तरी लोड वाढतो. म्हणून वॉल पूर्ण मोकळा ठेवा." विहिरीवरच्या नेहमीच्या मोनोब्लॉक पंपाला (मोटर आणि पंप एकत्र जोडलेला) यातलं एकही वाक्य लागू नाही. तो मेसेज वाचून लोक रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळण्याचा, खर्च ओढवून घेतात, म्हणून लिहितो आहे.

आधी वॉलचं. मोनोब्लॉक हा सेंट्रिफ्युगल, म्हणजे फिरत्या पंख्याने पाणी फेकणारा पंप. त्याचा पंखा जितकं जास्त पाणी फेकतो, तितका मोटरवर भार जास्त. वॉल दाबला की पाणी कमी, अँपिअरही कमी. माझ्या शब्दावर जाऊ नका, स्टार्टरचा मीटर पाहत वॉल हळूहळू आवळा. ५ एचपीच्या थ्री फेज मोनोब्लॉकचा काटा पूर्ण लोडला ७-८ अँपिअरच्या आसपास असतो, तो खाली उतरताना दिसेल. संत्र्याच्या फवारणीचा एचटीपी पंप मात्र पिस्टनचा. तिथे वाट अडली की दाब चढतो, इंजिनवर भार येतो. लोकांनी तोच अनुभव विहिरीवर आणला.

पाणी खोल गेलं की उचल वाढते, धार बारीक होते, अँपिअर उतरतात. ओलिताला तास जास्त लागतात, बिल त्याने वाढतं. खरा धोका फुटव्हॉल्व्ह (विहिरीत सोडलेल्या पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह) उघडा पडण्याचा. कोरड्या पंपाचे अँपिअर कमीच असतात, त्यामुळे ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) गप्प राहतो आणि सील जळतं.

सगळ्यात घातक तो "मोकळा ठेवा" सल्ला. विहीर तुडुंब भरलेली, तुषारचे पाइप काढलेले, मोठ्या हेडचा (जास्त उंचीवर पाणी चढवणारा) पंप जवळच्याच दांडात पाणी सोडतोय. उचल जवळपास नाहीच, म्हणून पंप बेसुमार पाणी फेकतो आणि काटा मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरच्या आकड्यापलीकडे जातो. त्यात रात्रीच्या पाळीत साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू होतात. ४१५ च्या जागी ३५० व्होल्ट मिळाले की मोटर तेवढ्याच कामाला आणखी करंट ओढते. अशा वेळी वॉल दाबून काटा प्लेटच्या आकड्याखाली आणायचा.

वॉल पूर्ण बंद करून मात्र पंप चालू ठेवू नका, आतलं पाणी तापतं. कमी उचलीवर भरमसाट पाणी देणाऱ्या अ‍ॅक्सिअल फ्लो पंपाचा हिशेबही उलटा, तिथे वॉल बंद असतानाच लोड सर्वाधिक. पण आपल्या विहिरींवर ते पंप नसतात.

रिले सारखा ट्रिप होत असेल तर त्याचा आकडा वाढवू नका. आधी तिन्ही फेजचे व्होल्ट तपासा, मग वॉल थोडा दाबून बघा.