दुधाची कुंडली कशी मागावी

इंदुरात जागरूक ग्राहक म्हणून मिरवायचं असेल, तर आधी दूध कुठून येतं याबद्दल ठाम मत बाळगा. मताला पैसे पडत नाहीत. ती माहिती देणारी पिशवी दोन रुपयांनी महाग निघाली, तर मात्र "सगळे सारखेच हो" म्हणत पुढे सरका.

पिशवीवरचा १४ अंकी एफएसएसएआय (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक मोठ्याने वाचा, शेजारच्या काकूंना ऐकू जाईल असा. तो परवान्याचा आहे, गाईचा नाही, हे कशाला सांगायचं? काही बिघडलं तर खरा उपयोग बॅच नंबरचा. म्हणून कात्री नेमकी त्याच कोपऱ्यावर चालवा आणि तो कपटा लगेच कचऱ्यात टाका.

नंबर गाईलाही असतो. कानात पिवळा बिल्ला, त्यावर १२ आकडे. लस कधी टोचली, रेतन कधी झालं, सगळं त्या नंबरावर नोंदवता येतं. पण गावच्या केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) मोजून दूध कूलरमध्ये ओतलं, की सगळे बिल्ले एक होतात. पुढे माग लागतो तो केंद्राचा, टँकरचा, बॅचचा. यात मन रमत नाही, हे मान्य. तेव्हा तुम्ही गाईचा फोटो असलेली बाटली घ्या. गवत हिरवंगार असावं आणि गाईचं नाव गौरी. वर 'ए२' (दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार) लिहिलेलं असेल तर भाव विचारणं असभ्यपणाचं. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने हे ए१-ए२चे दावे काढायला सांगितलं आणि आठवड्याच्या आत आदेश मागेही घेतला. तेवढे दिवस श्रद्धा ढळली नसेल, तर तुम्ही उत्तीर्ण.

घरी बंदीचं, म्हणजे ठरलेल्या भैयाकडून रोजचं, दूध येत असेल, तर एवढाही त्रास नाही. "भैया, पानी तो नहीं मिलाया?" "अपनी भैंस का है, भाभी!" झाला तपास. म्हैस कुणी पाहिलेली नाही, पण भैया आजेसासूबाईंच्या वेळेपासूनचे आहेत ना!

भीती बाळगायची तर युरियाचीच बाळगा, व्हॉट्सॲपवर तीच चालते. २०१८च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित निघाले १२. अफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशीचं विष मर्यादेबाहेर सापडलं ३६८ नमुन्यांत. ते येतं बुरशी लागलेल्या चाऱ्यातून, ढेपेतून म्हणजे पेंडीतून. म्हणजे कुठल्या गावच्या दुधात ते आलं आणि तिथल्या गोठ्यांत ढेप कुठली, हे शोधायलाच ही सगळी मागाची यंत्रणा हवी. पण ढेपेच्या गप्पा भिशीत रंगतात का? सोडून द्या.

चिकित्सा करायचीच, तर सराफ्यात करा. दुपारी बांगडी घ्यायला जा. हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक, भिंगातून वाचा, मोबाइलवर ताडून पाहा, दुकानदाराला घाम फोडा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही, हेही त्यालाच ऐकवा. मग रात्री जेवून पुन्हा तिथेच या. सराफांची शटर खाली, समोर रबडीची कढई. त्या दुधाला ना बिल्ला, ना बॅच, ना गाव. इथे चौकशी एकच करायची, तीही लाडात: "भैया, मलाई थोड़ी और डालोगे?"