पत्नीसाठी घेतलेल्या ई-माउंटन बाइकबद्दलच्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की पत्नीसाठी नेलेली सायकल त्यांनी तीनदा चालवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. उचलवत नाही, खडबडीत वाटेवर हात बधिर होतात, मोटर अंगावर येते, बॅटरी सांगितल्याच्या निम्मी पुरते. वर आम्ही ती तुमच्या गळ्यात मारली.

हात बधिर होण्याचा दोष सरळ आमचा. खड्ड्यांचे धक्के झेलणारे पुढचा फोर्क आणि मागचा शॉक हवेवर चालतात आणि ती हवा चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची असते. त्या दिवशी तुम्ही एकटेच आला होतात. चक्कर तुम्ही मारलीत, हवा तुमच्या वजनाची भरली आणि सायकल तशीच घरी गेली. सीटवर बसल्याबरोबर मागचा शॉक २५ ते ३० टक्के दबायला हवा. वहिनी बसल्यावर तो जेमतेम हलत असणार. ब्रेकचे लिव्हर बोटांच्या जवळ आणणं हे एका स्क्रूचं काम, तेही राहिलं.

मोटर अंगावर येते ती बहुधा टर्बोमुळे, म्हणजे सर्वात जास्त जोराच्या मोडमुळे. ८५ न्यूटन-मीटर टॉर्कची (फिरवण्याच्या ताकदीची) मोटर पॅडलवरचा दाब ओळखून जोर लावते, त्यामुळे चढावर थांबून टर्बोतच पुन्हा निघालं की सायकल उसळी घेते. निघताना इको, म्हणजे सर्वात कमी जोराचा मोड ठेवा. जोर ॲपमधूनही कमी करता येतो. बॅटरीही टर्बोच खातो. आम्ही सांगितलेलं अंतर इकोमधलं होतं, हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

‘गळ्यात मारली’ हे मात्र मान्य नाही. १९ किलोची, ६० न्यूटन-मीटरची सायकल आम्ही आधी काढून दाखवली होती. ‘चढावर कमी पडेल, ७५० वॉट-अवर बॅटरीचीच द्या’ हे तुमचे शब्द. हलक्या माणसाला कमी ताकदीची मोटरही चढावर पुरते, हे आम्ही एकदा सांगितलं आणि गप्प बसलो. गिऱ्हाईक महागाकडे बोट दाखवत असताना दुकानदार फार वाद घालत नाही, खोटं कशाला बोलू? पण २५ किलोचं धूड वाटेतल्या आडव्या झाडावरून उचलून न्यायचं कुणी, हे त्यांनाच विचारायला हवं होतं. त्या समोर नव्हत्या आणि आम्ही फोन करा म्हणालो नाही.

आता ज्यांच्यासाठी सायकल घ्यायची ते स्वतः बसून बघितल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही. सरप्राइजच द्यायचं असेल तर हातमोजे द्या.

वहिनींना घेऊन या. हवा, लिव्हर, सीट, मोटरचा जोर, सगळं त्यांच्या मापाने विनामूल्य लावून देतो. नंतर आमची १९ किलोची सायकल दोन दिवस त्यांच्याकडे राहू द्या. तीच बरी वाटली तर तुमची परत घेऊ. वापरलेली असल्याने पूर्ण रक्कम मिळणार नाही, पण किती आणि का कापली ते लिहून देऊ.

येताना त्यांचे नेहमीचे सायकलचे बूट आणि पाठीवरची बॅग आठवणीने आणा, हवा त्या वजनासकट भरायची आहे. आणि सायकल तोवर पडूनच असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवू नका, निम्म्याच्या आसपास असू द्या.