‘डॉकर म्हणजे नसतं झेंगट’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार निनावी साहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. चाकणच्या एका कारखान्यात मशिनिंग झालेल्या अॅल्युमिनियम हाउसिंगवरचे ब्लोहोल (ओतकामात हवा अडकून राहिलेली बारीक छिद्रं) आणि ओरखडे कॅमेऱ्याने पकडणारी सिस्टिम आम्ही डॉकर कंटेनरमध्ये (म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एकत्र बांधलेल्या डब्यात) बसवली, त्याबद्दल मागचा लेख होता. त्यावर तुमचं म्हणणं असं: भोसरीत तुम्ही वर्षानुवर्षं साध्या पीसीवर एक एक्झी (थेट चालणारी प्रोग्रामची फाइल) टाकून हेच काम करताय. कंटेनर म्हणजे बिघडायला आणखी एक जागा. आणि रात्री तीन वाजता मेंटेनन्सचा माणूस काय डॉकरच्या कमांड मारत बसणार का?

‘एकदा कंटेनर केला की कुठल्याही मशीनवर जसंच्या तसं चालतं’ असं मी लेखात ठोकून दिलं होतं. ते चूक होतं, आणि चूक असल्याचं मला तेव्हाही माहीत होतं, कारण त्याची किंमत मोजून झाली होती. लेखात ती गोष्ट मी गाळली. आता सांगतो.

आपल्याकडे गुरुवारी औद्योगिक पट्ट्यात वीज जाते, लाइन बंद असते. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला सगळं चालू झालं, आमचा कंटेनर सोडून. आठवडाभरात उबुंटूने (त्या पीसीच्या ऑपरेटिंग सिस्टिमने) स्वतःहून सुरक्षेचं अपडेट म्हणून नवा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, उतरवून ठेवला होता. मशीन गुरुवारपर्यंत बंदच न झाल्यामुळे जुन्याच कर्नलवर चाललं होतं. वीज आल्यावर नवा कर्नल उठला आणि त्याच्यासाठी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बांधलेलाच नव्हता. कूडाच्या लायब्ररी (ग्राफिक्स कार्डाकडून गणित करून घेणाऱ्या) इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्यातून उभा राहतो त्या साच्यात, असतात, पण ड्रायव्हर खालच्या मशीनवरच राहतो आणि कर्नलही तिथलाच वापरला जातो. ड्रायव्हर नाही म्हटल्यावर कंटेनर सुरूच झाला नाही. त्या पीसीला इंटरनेट कुणी दिलं होतं? मीच, रिमोट सपोर्टसाठी हट्टाने मागून घेतलं होतं.

इथवर तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण त्या दिवशी खरं नुकसान ज्याने केलं, ते एक्झी असती तरी तसंच झालं असतं. आम्ही पीएलसीला (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरला) फक्त ‘एनजी’चा, म्हणजे ‘खराब’चा, सिग्नल देत होतो. एनजी आला की फ्लॅप उघडायचा आणि जॉब (तपासायचा नग) लाल ट्रेमध्ये. सिग्नलच नाही म्हणजे जॉब चांगला! सिस्टिम मेलेली असताना चाळीस मिनिटं प्रत्येक जॉब ‘चांगला’ म्हणून पुढे गेला. लाल ट्रे एवढा वेळ रिकामा कसा, हे पॅकिंगवरच्या एका ताईंच्या लक्षात आलं. मग सव्वातीनशेच्या वर जॉब हाताने, टॉर्च मारून तपासले. त्यात मीही होतो, सकाळचा नाश्ता न करता.

त्यानंतर वायरिंग उलटं केलं. आता प्रत्येक जॉबला ‘ओके’ यावं लागतं, नाही आलं तर जॉब लाल ट्रेमध्ये. शिवाय दर सेकंदाला एक बिट चालू-बंद होत राहतो. तो थांबला की पीएलसी लाइनच थांबवते. उबुंटूची स्वयंचलित अपडेट बंद केली, कर्नल आणि ड्रायव्हर आहेत त्या व्हर्जनवर गोठवले, आणि नेटची केबल काढली. नवी इमेज आता ‘डॉकर सेव्ह’ने फाइल करून पेनड्राइव्हवरून जाते. हो, पेनड्राइव्हच. हसा.

रात्री तीनच्या माणसाबद्दल. पॅनेलच्या दारावर आतून लॅमिनेट केलेला कागद चिकटवलाय, मराठीत, चारच ओळींचा. पिवळा दिवा लागला तर हिरवं बटण पाच सेकंद दाबा. तरीही दिवा गेला नाही तर किल्ली ‘बायपास’वर फिरवा, सुपरवायझरला सांगा, जॉब हाताने तपासा. डॉकर हा शब्द त्या कागदावर कुठेही नाही.

कॅमेऱ्याबद्दलही तुम्ही बरोबर पकडलंत. गिग-ई कॅमेरा (नेटवर्क केबलने जोडलेला) शोधायला जो ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम मारलेली हाक, जातो तो डॉकरच्या नेहमीच्या ब्रिज नेटवर्कमधून (कंटेनरच्या वेगळ्या आतल्या नेटवर्कमधून) बाहेर पडत नाही. आम्ही शेवटी होस्ट नेटवर्कच, म्हणजे खालच्या मशीनचंच नेटवर्क, वापरलं, जंबो फ्रेमची (डेटाच्या मोठ्या पाकिटांची) सेटिंगही खालच्या मशीनवरच केली. म्हणजे ‘सगळं वेगळं, बंदिस्त’ वगैरे जे मी लिहिलं होतं त्यातलं निम्मं गेलं. आणि कूलंटचा पातळ थर अॅल्युमिनियमवर चमकला की मॉडेलला (फोटोतले दोष ओळखायला शिकवलेल्या प्रोग्रामला) तो ब्लोहोलची कड वाटतो, हा त्रास कुठल्याच कंटेनरने सुटला नाही. कॅमेऱ्याच्या आधी हवेचा झोत लावला तेव्हा सुटला.

मग कंटेनर ठेवलाच कशाला? इथे मात्र मी हटणार नाही.

आमच्यातल्या एकाने कोड नीटनेटका करताना फोटो लहान करायची लायब्ररी बदलली, ओपनसीव्हीऐवजी पिलो. दिसायला दोन्ही सारखेच फोटो. पण पिलो फोटो लहान करताना शेजारचे पिक्सेल मिसळून घेतं, ओपनसीव्हीची नेहमीची पद्धत तसं करत नाही. केसाएवढा ओरखडा त्या मिसळण्यात पुसट होतो. मॉडेल तेच, त्याने शिकलेले आकडे (वजनं) तेच, आणि बारीक ओरखडे निसटायला लागले. जुनी इमेज तारखेच्या टॅगसह मशीनवर होतीच. दोन मिनिटांत तिच्यावर परत गेलो. मग ऑफिसात तेच दोनशे फोटो दोन्ही इमेजमधून काढून फरक नेमका कुठे पडतो ते पाहिलं. तुमच्या पद्धतीत काय असतं? डेस्कटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल 2’ आणि ‘फायनल नवीन वापरू नका’ असे फोल्डर, आणि पायथनच्या लायब्ररी तिन्हींना एकच. एक्झीमध्ये सगळं बांधून देता येतं हे मान्य. पण कालची स्थिती आज हुबेहूब उभी करायची, तीही लाइन थांबलेली असताना, हे मला तरी तसं जमलेलं नाही. तारखेऐवजी नुसता ‘लेटेस्ट’ टॅग मात्र आम्ही कधीच लावत नाही, नाहीतर आमचंही ‘फायनल 2’च व्हायचं.

हार्डडिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) काढून ठेवा, ही तुमची सूचना उचलली. ड्रायव्हरचं दुखणं इमेजने बरं होत नाही, क्लोनने होतं. आता दोन्ही ठेवतो.

‘99 टक्के अचूकता’ या माझ्या वाक्याला तुम्ही ‘ब्रोशरची भाषा’ म्हणालात. झोंबलं, पण हिशेब करून बघितला. शिफ्टला 4000 जॉब, त्यात समजा 20 खराब. उरलेल्या 3980 पैकी एक टक्का चुकून बाद केले तरी जवळपास 40 चांगले जॉब लाल ट्रेमध्ये. म्हणजे ट्रेमधल्या दर तीन जॉबपैकी दोन चांगले. ऑपरेटर दोन दिवस ते बघतो आणि तिसऱ्या दिवशी न बघता सगळे परत लाइनवर टाकतो. आता क्वालिटीवाल्यांना मी दोनच आकडे देतो: किती खराब निसटले आणि किती चांगले अडवले. लेखातलं ते वाक्य खोडलंय, आणि ‘कुठल्याही मशीनवर’वालंही.

एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे एकाच लाइनवर पाच-सहा व्हेरिएंट येतात म्हणालात. जॉब बदलला की मॉडेल कोण बदलतं, ऑपरेटर की पीएलसी? आमचं तिथे अजून अडतंय. एकदा येऊन लाइन बघाल का? तळेगाव चौक ओलांडायला लागणारा वेळ धरून निघा, आणि गुरुवार सोडून कधीही.