सीसराला मारलं कोणी?

एका लेखात बायबलमधल्या सीसरा या कनानी सेनापतीचा वध इस्राएली सेनानायक बाराकाच्या खात्यावर टाकलाय. चूक आहे. बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकात (४:९) इस्राएलची संदेष्टी दबोरा बाराकाला आधीच बजावते की परमेश्वर सीसराला एका स्त्रीच्या हाती देणार. वाचणाऱ्याला वाटतं, ही स्वतःबद्दलच बोलतेय! निघते याएल, हेबेर केनीची बायको. त्या घराचं सीसराचा धनी, हासोरचा राजा याबीन याच्याशी सख्य (४:१७), म्हणून तर ९०० लोखंडी रथांचा सेनापती पायी पळत बिनधास्त तिच्या तंबूत शिरला. मागितलं पाणी, तिनं बुधला उघडून दूध पाजलं, वर पांघरूण घातलं. तो गाढ झोपला, मग तंबूचीच मेख आणि हातोडा. मेख कानशिलातून थेट जमिनीत. पाचव्या अध्यायातल्या गीतात मात्र झोपेचा उल्लेखच नाही, तिथे तो तिच्या पायांशी कोसळतो.