महागडा कॉम्प्युटर शक्य तितक्या उशिरा मिळवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पैसे असले की कॉम्प्युटर कोणीही घेतो. दुकानात जायचं, तयार खोका उचलायचा आणि संध्याकाळी काम सुरू. यात कसलं आलंय कर्तृत्व? खरा दर्दी असतो तो सगळ्यात वरचं मॉडेल बाजारात आलं त्याच दिवशी ऑर्डर नोंदवतो आणि पुढचे तीन-चार महिने ‘येतोय, येतोय’ म्हणत हिंडतो. हे आपोआप जमत नाही. आखणीत कुठे कसूर राहिली तर मशीन आठवड्याभरात दारात हजर होतं आणि सांगण्यासारखं काही उरत नाही.

सुरुवात ऑर्डरच्या पानापासून. तिथे वरच दोन-तीन तयार मॉडेलं मांडलेली असतात. त्यांच्याकडे ढुंकूनही पाहू नका. ती कंपनीने आधीच गठ्ठ्याने जुळवून गोदामात रचलेली असतात, त्यामुळे लवकर येण्याचा धोका फार. तुम्ही ‘हवे ते बदल करा’ या बटणाकडे वळा आणि प्रोसेसर, ग्राफिक्स, मेमरी, स्टोरेज अशा प्रत्येक रकान्यात सगळ्यात खालचा, म्हणजे सगळ्यात महाग पर्याय निवडा. कारखान्याचा नियम साधा आहे : मशीन त्यातल्या सगळ्यात दुर्मिळ भागाच्या तारखेला बाहेर पडतं. केस तयार, पंखा तयार, पॉवर सप्लाय तयार, पण एक ग्राफिक्स कार्ड अडलं की घोडं तिथेच पेंड खातं. वरच्या दर्जाच्या चिपा तर जन्मतःच कमी. ज्यांचे सगळे कोअर, म्हणजे आतले हिशेब करणारे गाभे, शाबूत निघतात आणि ज्या ठरलेल्या विजेत ठरलेला वेग गाठतात, त्यांनाच वरचं नाव मिळतं. बाकीच्यांचे थोडे कोअर बंद करून त्या खालच्या नावाने विकल्या जातात. त्यात त्याच जातीच्या चिपांवर सर्व्हरवाल्यांचाही डोळा असतो, आणि ते एकेक मागत नाहीत.

इथे एक खबरदारी. काही मशीनमध्ये रॅम घरच्या घरी, झाकण काढून पाच मिनिटांत वाढवता येते. अशा वेळी कमी रॅमचं तयार मॉडेल घेऊन जादा पट्ट्या नंतर बसवल्या तर पैसेही वाचतात आणि दिवसही. हा मोह टाळा.

या विषयाचा अभ्यास करायचा तर २०१३ च्या मॅक प्रोसारखं दुसरं पाठ्यपुस्तक नाही. काळं, चकचकीत, नळकांड्याच्या आकाराचं हे मशीन ॲपलने १० जून २०१३ रोजी दाखवलं. ऑक्टोबरमध्ये सांगितलं की डिसेंबरमध्ये विक्री सुरू. आणि शब्द पाळला : १९ डिसेंबरला ऑर्डरी घ्यायला सुरुवात झाली. डिसेंबर म्हणजे डिसेंबर, त्यातले बारा दिवस शिल्लक होते की. एक-दोन दिवसांतच नव्या ऑर्डरींपुढे फेब्रुवारी दिसू लागला आणि फेब्रुवारी उजाडल्यावर एप्रिल. २,९९९ डॉलरपासून सुरू होणारं आणि सगळे पर्याय निवडले तर साडेनऊ हजार डॉलरच्या पुढे जाणारं मशीन, म्हणजे गिऱ्हाइकाने इतका मान राखला तर कंपनीनेही थोडी वाट पाहायला लावून तो परत करायला नको?

हे मशीन टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये जुळवलं जायचं. उशीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चिप, बोर्ड असं काहीतरी भारदस्त येतं. न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार इथे जे अडलं त्यात स्क्रूही होता. खास या मशीनसाठी लागणारा छोटा स्क्रू. तो बनवणाऱ्या तिथल्या वीस कामगारांच्या वर्कशॉपमधून दिवसाला जास्तीत जास्त हजार स्क्रू निघायचे. चीनमध्ये असे स्क्रू हवे तितके, हवे तेव्हा मिळतात; टेक्सासमध्ये एवढ्या संख्येने करून देणारं कोणी उरलंच नव्हतं. शेवटी स्क्रू चीनमधून मागवावे लागले. टेक्सासच्याच एका दुसऱ्या वर्कशॉपलाही अठ्ठावीस हजार स्क्रूंचं काम मिळालं आणि ते बावीस खेपांत पोचले; बरेचदा मालक स्वतःच आपल्या मोटारीतून घेऊन जायचा. तेव्हा ‘माझं मशीन कुठे अडलं असेल?’ या विचाराने झोप उडाली तर ‘बारा कोअरच्या झिऑन प्रोसेसरची टंचाई’ असलं काही भव्य मनात आणू नका. गाडीच्या डिकीचा विचार करा.

बरं, त्या बारा कोअरचं काय? त्याच यंत्रात सहा कोअरचा प्रोसेसर ३.५ गिगाहर्ट्झचा होता आणि बारा कोअरचा २.७ चा. कोअर वाढले की उष्णता आवरायला वेग उतरवावा लागतो, त्यामुळे एका वेळी एक-दोन कोअरच वापरणाऱ्या रोजच्या कामात स्वस्तातलं मशीन पुढे आणि महागातलं मागे. थ्रीडी रेंडरिंग किंवा सिम्युलेशन करणाऱ्याला बारा कोअर लागतात, ते त्याला पक्कं ठाऊकही असतं. तुम्ही फोटोवर हात फिरवता, पत्रं लिहिता आणि ब्राउझरच्या खिडक्या उघड्या ठेवता. तुम्हीही बाराच घ्या. ग्राफिक्स कार्डंही दोन होती : पडद्याचा भार एकावर, दुसरं गणनेसाठी, आणि ज्या सॉफ्टवेअरला त्या दुसऱ्याचा उपयोगच करता येत नव्हता तिथे ते निवांत बसून राहायचं. नाकापेक्षा मोती जड असल्याशिवाय नथ उठून दिसत नाही.

ऑर्डर गेली की साधना सुरू होते ती स्थितीच्या पानाची. तिथे साधारण तीन पायऱ्या असतात : प्रक्रिया सुरू, पाठवण्याची तयारी, पाठवले. पहिल्या पायरीवर मुक्काम लांबतो. या काळात दुकानाच्या पानावर दिसणारी तारीख रोज पाहून घाबरायची सवय लावून घ्या. ती तारीख आज ऑर्डर देणाऱ्यासाठी असते, तुमच्यासाठी नव्हे. पण हे लक्षात ठेवलं तर घाबरायला कारणच राहत नाही. तसंच ‘पाठवण्याची तारीख’ आणि ‘पोचण्याची तारीख’ एकच मानून सुट्टी टाका. दोन्हींच्या मध्ये विमान, सीमाशुल्क आणि शनिवार-रविवार असतात. ‘दिवस’ म्हणजे बहुतेकदा कामाचे दिवस, हेही विसरा.

धीर सुटला तर ऑर्डरीत एखादा बदल करा. एक टेराबाइटऐवजी अर्धा, किंवा उलट. बहुतेक ठिकाणी बदल म्हणजे जुनी ऑर्डर रद्द आणि नवी दाखल. तुम्ही रांगेच्या शेपटाला जाऊन उभे. एका क्लिकमध्ये दोन महिने कमावण्याचा याहून सोपा मार्ग माझ्या पाहण्यात नाही. फक्त ‘पाठवण्याची तयारी’ लागायच्या आत करा, कारण त्यानंतर सहसा बदलही होत नाही आणि रद्दही करता येत नाही.

क्रेडिट कार्डाकडेही असंच दुर्लक्ष हवं. पुष्कळ कंपन्या ऑर्डरीच्या दिवशी रक्कम फक्त रोखून ठेवतात आणि माल निघताना प्रत्यक्ष कापतात. रोखलेली रक्कम काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोकळी होते. मग तीन महिन्यांनी कंपनी नव्याने पैसे मागायला येते, तोवर कार्डाची मुदत संपलेली असावी, किंवा मर्यादेत जागा नसावी. दोन्ही नसलं तरी निराश होऊ नका. एवढी मोठी रक्कम अचानक मागितलेली पाहून बँकेच्या संगणकाला संशय येतो आणि तो व्यवहार अडवतो. महिनोन्‌महिने वाट पाहिलेलं मशीन पॅक होऊन उभं आणि पैसे भरले नाहीत म्हणून ऑर्डर थांबलेली, हा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो. बँकेला आदल्या दिवशी एक फोन केला तर तो हुकतो.

अमेरिकेत ग्राहकांच्या बाजूने १९७५ पासून एक नियम आहे, तोही वाचून विसरावा असा. विक्रेत्याला सांगितलेल्या मुदतीत माल धाडता येत नसेल तर त्याने ग्राहकाला कळवायचं आणि थांबायचं की पैसे परत घ्यायचे, ते विचारायचं. पहिला उशीर ३० दिवसांच्या आतला असेल तर तुमचं मौन ही संमती धरली जाते. त्याहून मोठा, बेमुदत किंवा दुसऱ्यांदा होणारा उशीर असेल तर मात्र तुमचा स्पष्ट होकार लागतो, नाहीतर पैसे परत. म्हणून कंपनीचं ईमेल आलं की न वाचता ‘होय’वर टिचकी मारा. स्पॅममध्ये गेलं आणि ऑर्डर आपोआप रद्द झाली तर उत्तमच. पुन्हा पहिल्या दिवसापासून.

दरम्यान हातावर हात ठेवून बसू नका. बाजारात तुरी असल्या तरी घरात तयारी हवी. मॉनिटर, यूपीएस, हार्ड डिस्कची बाहेरची पेटी सगळं आजच आणा. परत करण्याची मुदत साधारण दोन-तीन आठवड्यांची आणि ती माल पोचल्यापासून मोजली जाते. म्हणजे पेटी सदोष आहे की नाही, हे कळायच्या आधीच ती कायमची तुमची होते. वॉरंटीही खोक्यातल्या खोक्यात झिजत राहते.

जुनं मशीन मात्र ताबडतोब विका. नवं जाहीर झाल्याच्या आठवड्यात जुन्याला चांगला भाव येतो, हे खरंच आहे. पुढचे चार महिने काम कशावर करायचं, हा प्रश्न विकल्यानंतरच पडावा. विकण्याआधी त्यातली लायसन्सं मोकळी करू नका. पुष्कळ व्यावसायिक सॉफ्टवेअर ठरावीक मशीनांवरच चालतं आणि जुन्यावरचा हक्क आधी सोडावा लागतो. नंतर विकत घेणाऱ्याला ‘जरा लॉगिन करून देता का’ असं विचारण्यात वेगळाच आपलेपणा आहे.

वाट पाहण्याच्या या काळात एक चिंता सगळ्यांना सतावते : मशीन येईपर्यंत पुढची पिढी आली तर? मॅक प्रोवाल्यांना तीही आली. सप्टेंबर २०१४ मध्ये इंटेलने या मशीनमधल्या झिऑन ई-फाइव्ह प्रोसेसरची तिसरी आवृत्ती काढली. म्हणजे एप्रिलमध्ये ज्याच्या घरी मशीन पोचलं त्याला नव्याचे नऊ नव्हे, चांगले पाच महिने मिळाले. पण ॲपलने गिऱ्हाइकाचं मन ओळखलं. तिने ते प्रोसेसर या नळकांड्यात बसवलेच नाहीत. मधला अॅल्युमिनियमचा त्रिकोणी गाभा, त्याच्या तीन अंगांना तीन बोर्ड आणि वर एकच पंखा, अशी रचना. एका बाजूला जास्त तापणारं एकच मोठं ग्राफिक्स कार्ड लावायला जागा नाही. डिझाइनने आम्हाला उष्णतेच्या कोपऱ्यात गाठलं, असं कंपनीने स्वतःच एप्रिल २०१७ मध्ये सांगितलं. दर कमी केले, मशीन तेच. नवं मॉडेल आलं डिसेंबर २०१९ मध्ये. उशिरा मिळालेलं यंत्र सहा वर्षं ‘ताजं’ राहिलं, एवढी हमी कोण देतं?

ही परंपरा आता बंद पडली असेल, अशी शंका नको. ग्राफिक्स चिपांसाठी प्रसिद्ध असलेल्या एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये तळहातावर मावेल असा एआयचा डेस्कटॉप दाखवला : मे महिन्यात येणार, ३,००० डॉलरपासून. डीजीएक्स स्पार्क या नावाने तो ऑक्टोबरात आला, ३,९९९ डॉलरला. थांबणाऱ्यांना किंमत वाढवून मिळाली.

मशीन निघाल्याचं ईमेल आलं की त्या दिवशी गावाला जा. महागड्या पार्सलला सही लागते. दारावर चिठ्ठी, दुसरी फेरी, तिसरी फेरी आणि मग परत गोदामात. तरीही कुरिअरवाल्याने गाठलंच तर खोका उघडा. २०१३ च्या मॅक प्रोच्या खोक्यात मशीन होतं आणि वीजेची वायर होती. कीबोर्ड नव्हता, माऊस नव्हता, बाहेरच्या डिस्क जोडायची थंडरबोल्टची केबल नव्हती. आतल्या हार्ड डिस्क बसवायच्या जागाही कंपनीने काढून टाकल्या होत्या, त्यामुळे जुन्या टॉवरमधल्या चार डिस्क हातात धरून तुम्ही उभे. केबल मागवा. दोन मीटरची लांब घ्या, सध्या अर्ध्या मीटरचीच शिल्लक असेल तरी.