आमच्या गिझरमधून निघालेला चुना

गेल्या महिन्यात आमच्या घरातला दुसरा गिझर निकामी झाला. पहिला साडेतीन वर्षे चालला होता, हा जेमतेम दोन. दुरुस्तीला आलेल्या मुलाने टाकी उघडून तळाचा पांढरट गाळ बादलीत उपसला, एलिमेंटवरचा, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवरचा, थर पान्याने ठोकून पाडला आणि म्हणाला, "काका, कंपनीला नावे ठेवू नका. तुमची बोअर खाडीच्या अंगाला आहे ना?" आमचे घर गुहागर तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा नाही म्हणण्याची सोय नव्हती.

तो थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तिसऱ्यांच्या शिंपल्या ज्याच्या असतात, तोच पदार्थ. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, याचे मात्र उलट असते. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट तापल्यावर फुटते आणि चुना बाहेर पडून सर्वांत गरम जागी, म्हणजे एलिमेंटलाच, चिकटतो. मग उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, वीज अधिक जळते आणि आतल्या आत तापून एलिमेंट एक दिवस जळून जातो. मी पाणी तपासून घेतले तेव्हा बोअरच्या पाण्याचे एकूण काठिण्य, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास निघाले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे, त्यामुळे कागदोपत्री आमचे पाणी चालण्यासारखे ठरते. गिझरला मात्र ती मुभा लागू होत नाही. रोज १०० लिटर पाणी तापवले तर त्यातून ४० ग्रॅम क्षार जातात; त्यांचा दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी वर्षाला जवळजवळ दीड किलो चुना होतो.

याच घराच्या मागील दारी चिऱ्याने बांधलेली आजोबांच्या वेळची विहीर आहे आणि तिच्या पाण्यात साबणाला भरपूर फेस येतो. चिरा ज्याचा असतो त्या जांभ्या दगडातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम युगानुयुगांच्या पावसाने केव्हाच धुऊन नेले आहे, म्हणून उथळ विहिरींचे पाणी सहसा हलके असते. बोअर जांभा ओलांडून खालच्या काळ्या कातळात उतरते आणि तिथल्या फटींत वर्षानुवर्षे मुरलेले पाणी तेच क्षार घेऊन वर येते. पंपाचे बटण दाबण्याच्या सोयीपायी आम्ही चांगले पाणी सोडून जड पाणी घरात आणले, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आई पहिल्या आठवड्यातच म्हणाली होती, "ह्या पाण्यात डाळ शिजायची नाही." आम्ही कुकरच्या दोन शिट्ट्या वाढवल्या आणि विषय मिटवला.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट आहे, जी घाटावरच्या माणसाने सांगितलेल्या उपायांत येत नाही. समुद्राच्या पाण्याचे काठिण्य लिटरला ६,००० मिलिग्रॅमहून अधिक असते. मे महिन्यात उपसा वाढला आणि शंभर लिटरमागे पाच लिटर एवढेच खारे पाणी बोअरमध्ये शिरले, तरी काठिण्य तीनशेने वाढते. हे काठिण्य मुख्यतः मॅग्नेशियमच्या क्लोराइड आणि सल्फेटमुळे येते, त्यामुळे पाणी उकळून ते जात नाही. शिवाय क्लोराइड टाकीचे पोलाद खाते ते वेगळेच. तेव्हा पाण्याला मचूळ चव लागत असेल, तर नुसता चुना काढून भागणार नाही.

उपायांच्या नावाखाली बाजारात बरेच काही विकले जाते. पाइपला बांधायच्या चुंबकाने पाण्यातला कॅल्शियम कमी होत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत. रेझिनचा सॉफ्टनर काम करतो, पण तो कॅल्शियम घेऊन सोडियम देतो आणि त्याला अधूनमधून मीठ खाऊ घालावे लागते. आधीच मचूळ असलेल्या पाण्याचा खारटपणा त्याने जात नाही. गिझर ६० अंशांच्या आत ठेवणे आणि वर्षातून एकदा उघडून साफ करून घेणे हे स्वस्त आणि खात्रीचे आहे. वॉशिंग मशीनमध्ये दोन महिन्यांनी लिंबूसत्त्व घालून गरम पाण्यावर मशीन रिकामे फिरवावे, आणि त्याच वेळी ब्लीच मुळीच घालू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. मशीनच्या नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळीही त्याच दिवशी काढून धुवावी. आमच्याकडे वीज जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आहेत. त्यांच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचे क्षारयुक्त पाणी ओतणारे लोक मी पाहिले आहेत आणि बॅटरी लवकर गेली म्हणून दुकानदाराशी भांडतानाही पाहिले आहेत.

मी या वेळी घरात दोन वेगळ्या लाइन टाकून घेतल्या. विहिरीचे पाणी गिझरला, मशीनला आणि स्वयंपाकघराला जाते, तर बोअरचे पाणी संडासाला आणि माडांच्या आळ्यांना. प्लंबरने कपाळाला हात लावला, खर्चही झाला, पण तो नव्या गिझरपेक्षा कमी होता. पुढचे काम पागोळ्यांचे आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, आणि आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटरच्या कौलांवरून दीड लाख लिटर पाणी अंगणातून खाडीत वाहून जाते, ज्यात काठिण्य जवळजवळ नसतेच. पन्हळ लावून ते गाळणीतून विहिरीत सोडण्याचा विचार आहे. तोवर मे महिन्यात विहीर तळाला गेली की गिझरचा खटका बंद करायचा आणि न्हाणीतल्या चुलाण्यावर तांब्याचा हंडा चढवायचा, असे आईने जाहीर केले आहे. हंड्यातही चुना धरतो, पण तो राखेने आणि चिंचेने घासता येतो.