डावे-उजवे हे शब्द वाममार्गातून आलेले नाहीत

नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘डावा म्हणजे वाममार्गी, धर्मविरोधी, उजवा म्हणजे धर्माच्या बाजूचा.’ हे साफ चूक आहे.

‘वाम’ म्हणजे डावा हे खरं, पण तंत्रसाधनेतल्या वाममार्ग या पंथाशी या राजकीय शब्दांचा काही संबंध नाही. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार द्यावा का, यावर वाद पेटला. राजाचे पाठीराखे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, विरोधक डाव्या. बसायच्या जागेचं नाव विचारांना चिकटलं, एवढंच.

(आपल्याकडे सत्ताधारी अध्यक्षांच्या उजवीकडे बसतात, विरोधक डावीकडे. सरकार बदललं की बाकंही बदलतात. तेव्हा हिवाळी अधिवेशनाचा फोटो पाहून कुणाला डावं ठरवू नका.)

उजवा म्हणजे धार्मिक, हा समज तर नागपूरच्याच इतिहासापुढे टिकत नाही. जानेवारी १९५९ मध्ये इथल्या काँग्रेस अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा, म्हणजे जमिनी एकत्र करून कसण्याचा, ठराव झाला. त्याला कडाडून विरोध करणाऱ्या राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) त्याच वर्षी ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष काढला. या पक्षाला उजवा म्हणत, ते खासगी मालमत्ता आणि मुक्त बाजाराच्या आग्रहामुळे. धर्माचं राजकारण हा त्याचा पाया नव्हता. मिनू मसानींसारखे पारशी नेते त्यात आघाडीवर होते. उलट लॅटिन अमेरिकेत कित्येक कॅथलिक पाद्री डाव्या चळवळीत उतरले.

एका शब्दावरून शेजाऱ्याच्या श्रद्धेवर शंका घेतली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. मजकूर पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.